पाचाडला थांबा जरा

रायगडला जाणारे बहुतेक जण पाचाडला चहा पितात आणि थेट रोपवेकडे पळतात. आज आम्ही मुद्दाम उलटं केलं. आधी आऊसाहेबांचा वाडा, गड नंतर.

गडावरचा वारा-गारठा उतारवयात सोसवेना, म्हणून महाराजांनी आईसाठी खाली हा वाडा बांधला. आता जोती आणि तटाच्या भिंती उरल्यात. पण तक्क्याची विहीर बघाच. काठाला टेकून बसायची दगडी जागा आहे. पाणी भरायला येणाऱ्या बायकांशी जिजाऊ इथे बसून बोलायच्या म्हणे. मी तिथेच रेंगाळले.

चित्रांत त्या कायम छोट्या शिवबाला गोष्टी सांगत असतात. त्यापलीकडचं कोण काढतं? १६२९ मध्ये वडील आणि भाऊ देवगिरीला दग्याने मारले गेले. थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडला. सईबाई गेल्या तेव्हा नातू जेमतेम दोन वर्षांचा, त्यालाही यांनीच वाढवलं. ६ जून १६७४ ला लेकाचा राज्याभिषेक पाहिला आणि १७ जूनला इथेच, पाचाडला गेल्या.

समाधीही जवळच आहे. दोन्हीला मिळून तासभर पुरतो. सकाळीच जा, वाड्यात सावली अजिबात नाही. आणि बाटल्या तिथे टाकू नका हो, आज लेकीने पिशवीभर उचलल्या.