बोटीच्या पोटात आमचं घर

इंदुरातले आमच्या ओळखीचे बहुतेक जण परदेशी जातात ते ग्रुप टूरने. सहाला बॅगा खोलीबाहेर, सातला नाश्ता, आठला बस. ह्यांचे गुडघे आणि माझं ब्लडप्रेशर, दोघंही टूर मॅनेजरचं ऐकणाऱ्यातले नाहीत. म्हणून न्यूझीलंडला जायचं ठरलं तेव्हाच नक्की केलं, कॅम्परव्हॅन, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घ्यायची आणि जिथे पाणी लागेल तिथे बोट. रामबागेतल्या मैत्रिणींनी "या वयात?" म्हणून विचारलंच. म्हटलं, याच वयात. गाडीत स्वतःचा संडास असण्याची किंमत तिशीत कळत नाही.

तिथे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे ह्यांना नव्याने काही शिकावं लागलं नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला होता. गाडी ऑटोमॅटिक, क्लचची भानगड नाही.

जाणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. खाण्याच्या वस्तूंबाबत हा देश भलता कडक. मध, बिया, फळं असलं काही न सांगता नेलं आणि सापडलं, तर जागच्या जागी 400 डॉलर दंड. आम्ही जिरावन (आमचा इंदुरी मसाला), सेव, चहा सगळं लिहून दिलं. तपासणाऱ्या बाईंनी जिरावनाचं पाकीट उलटसुलट करून विचारलं, हे कशावर घालतात? झालं, ह्यांनी पोह्यांपासून सुरुवात केली. मागच्या रांगेतले लोक घड्याळं बघायला लागले, तरी इंदूरच्या राजवाड्यापर्यंत पोचल्याशिवाय हे थांबले नाहीत. पोहे मात्र ऑकलंडच्या सँड्रिंगहॅम भागातल्या आपल्या दुकानातून घेतले. तिथे कढीपत्तासुद्धा मिळाला.

उत्तर बेट आम्ही गाडीशी जुळवून घेण्यातच काढलं. रोटोरुआला गंधकाचा वास आणि उकळता चिखल, टाउपोला एवढं मोठं तळं की पलीकडचा काठ धूसर. खरा प्रवास सुरू झाला वेलिंग्टनच्या धक्क्यावर.

उत्तर आणि दक्षिण बेटांमध्ये कूक सामुद्रधुनी आहे. अरुंद जागी जेमतेम 22 किलोमीटर, पण तिथला वारा नावाजलेला. फेरीबोटीला पिक्टनपर्यंत साडेतीन तास लागतात. गाडी स्वतःच चालवत बोटीच्या पोटात न्यायची. त्याआधी गॅसची टाकी बंद करायची, ब्रेक ओढायचा, मग जिन्याने वर. आमचं स्वयंपाकघर, अंथरूण, वाळत घातलेला टॉवेल, सगळं खाली ट्रकांच्या मधोमध, आणि आम्ही वर काचेशी कॉफी घेऊन. मध्यावर बोट अशी डोलायला लागली की मी आल्याची वडी तोंडात धरून डोळे मिटले. शेवटचा तासभर मात्र बोट डोंगरांमधल्या चिंचोळ्या पाण्यातून जाते. दोन्ही बाजूंना झाडी, मधूनच एखादं एकटं घर आणि त्याचा छोटासा धक्का. रस्ता दिसेना. इथले लोक भाजी आणायलाही होडीनेच जात असणार.

दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर एकेरी पूल पुष्कळ. पुलापाशी दोन बाणांची पाटी असते. आपला बाण छोटा आणि लाल असला की आपण थांबायचं. हॉर्न नाही, दिवे मारणं नाही, समोरचा जाताना हात वर करतो. ह्यांनाही हात वर करायची अशी सवय लागली की परत आल्यावर पलासियाच्या चौकात एका रिक्षावाल्याला केला. तो थांबून विचारतो, "कहाँ जाना है भिया?"

क्वीन्सटाउनला वाकातिपू तळ्यावर अर्नस्लॉ नावाची वाफेची बोट आहे, 1912 सालची, आणि अजून कोळशावर चालते. ह्यांच्या नोकरीची सुरुवात इंदूरच्या एका मिलच्या बॉयलर हाउसमधली. मिलचे भोंगे कधीच थांबले, पण बॉयलर ह्यांच्या डोक्यातून गेलेला नाही. बोटीत इंजिनावरून जाणारा एक लोखंडी पूल आहे, तिथे उभं राहून प्रवाशांना सगळं बघता येतं. बाकीचे लोक वर डेकवर डोंगरांचे फोटो काढत होते. हे इथे, कठड्याला धरून. खाली दोन माणसं. एकाने पायाने भट्टीचं दार उघडलं, फावडं भरलं आणि मनगटाला हिसका देऊन कोळसा आत फेकला. डावीकडे, उजवीकडे, मग मागे. "बघ, ढीग नाही केला," हे माझ्या कानाशी ओरडले, कारण इंजिनाच्या धडधडीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं. "पातळ पसरलाय. ढीग केला की मधे जळत नाही, नुसता धूर." तासाला सुमारे टनभर कोळसा लागतो म्हणे. वरून कप्तानाची घंटा वाजली, काटा सरकला, खालच्याने एक चाक फिरवलं आणि तेलाने चकचकणारे दांडे हळू झाले. त्या पोराने वर बघून अंगठा दाखवला. ह्यांनी हाताने फावड्याची खूण करून विचारलं, मी येऊ का? तो हसला, पण बोलावलं नाही. पलीकडच्या काठावर मेंढ्यांचं फार्म आहे, कुत्रा मेंढ्या कशा वळवतो ते दाखवतात. ते मी एकटीने पाहिलं.

मिलफर्ड साउंड या डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीतली बोट त्यामानाने सगळ्यांनाच माहीत असते, म्हणून थोडक्यात. जाताना होमर बोगदा लागतो, 1954 मध्ये खुला झालेला, सव्वा किलोमीटरचा, आत चांगलाच उतार. तोंडाशी हिरवे किया पोपट गाड्यांची रबरं कुरतडत बसतात. खायला घालू नका अशी पाटी आहे, आणि ती पाळावी. इंदुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इथे सहा हजारांच्या वर. आम्हाला पावसातच मिळालं आणि बरंच झालं. कोरड्या दिवशी मोजकेच धबधबे असतात. त्या दिवशी अख्खी कातळभिंत गळत होती. बोट एका धबधब्याच्या इतकी जवळ नेली की माझ्या चष्म्याला वायपर हवा होता. सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या मात्र बोटीतून उतरल्याबरोबर घोट्यांना चावतात. मोजे घाला.

आता जी गोष्ट कुणी सांगत नाही ती. गाडीतल्या संडासाची पेटी दर एक-दोन दिवसांनी ठरलेल्या डम्प स्टेशनवर नेऊन रिकामी करावी लागते. सांडपाण्याची टाकीही तिथेच, पाइप लावून. रस्त्याकडेला हे करणं बेकायदा आहे. पहिल्यांदा हे नाकाला रुमाल बांधून गेले. नंतर आपण स्वच्छतेत पहिल्या आलेल्या गावचे म्हणून शेजारच्या जर्मन जोडप्याला पेटी कशी विसळायची ते शिकवायला लागले.

स्वयंपाक मी मुद्दाम हॉलिडे पार्कच्या, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या जागेतल्या, सामाईक ओट्यावर करायची. गाडीत फोडणी दिली की रात्रभर उशीला हिंगाचा वास. शिवाय ओट्यावर ओळखी होतात. पुकाकी तळ्याकाठी पार्क नव्हतं, तिथे गाडीतच खिचडी लावली. पाणी हिमनदीच्या दगडी पिठामुळे दुधाळ निळं आणि समोर माउंट कुक, 3,724 मीटर. त्या दिवशी वासाचं काही वाटलं नाही.

क्राइस्टचर्चला गाडी परत केली. डिझेल गाडीला तिथे किलोमीटरमागे रस्त्याचा कर वेगळा पडतो, तो हिशेब शेवटी येतो, तेव्हा पैसे राखून ठेवा. आणि माणसं दोनच असली तरी गाडी चार बर्थची घ्या. दोन बर्थच्या गाडीत रोज रात्री टेबल मोडून पलंग करायचा आणि सकाळी पलंग मोडून टेबल. शिवाय रुसायला दुसरी जागा नाही. चारच्या गाडीत वरचा बर्थ मोकळा राहतो. आमच्याकडे तिथे बॅगा होत्या, एक रात्र सोडून.