नोंद १४ : षड्ज हलत नव्हता, तबकडी हलत होती

मंडळी, सापडलं! मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की ‘जुन्या बाजारातली’, म्हणजे केसरबाई केरकरांची ती मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी, यंदाच्या श्रवणातून, आपल्या गटाच्या एकत्र ऐकण्याच्या बैठकीतून, वगळावी लागणार. ते मागे घेते. पाच आठवडे छळणारी तिची एक बाजू काल रात्री पावणेबाराला पहिल्या सुरापासून शेवटच्या तिहाईपर्यंत सरळ वाजली. मी ती लागोपाठ चार वेळा ऐकली, मगच झोपले.

मार्चच्या श्रवणाला नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. केसरबाईंची ही बाजू लावली होती. संपल्यावर पेटीवाले काका हळू आवाजात म्हणाले, “बाईंचा षड्ज हलतोय की.” षड्ज म्हणजे ‘सा’, गाण्याचा आधारस्वर. त्यांनी टीका म्हणून म्हटलं नव्हतं, जे कानाला लागलं ते सांगितलं. पण मला रात्रभर झोप आली नाही. ज्या बाईंना ‘सुरश्री’ म्हणतात, ज्यांनी १९२१पासून १९४६मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत अल्लादिया खाँसाहेबांची तालीम घेतली, त्यांचा षड्ज हलतो असं माझ्या श्रवणातून कुणी ऐकून गेलं, तर मी बाईंच्या गाण्याचा प्रचार कसला केला? उलट नुकसानच केलं. तीस माणसं होती त्या दिवशी, त्यातल्या निम्म्यांनी केसरबाई पहिल्यांदाच ऐकल्या असतील.

मग शोध सुरू झाला. पहिला संशय मोटरवर होता. बेल्ट बदलला, बेअरिंगला तेल घातलं, स्ट्रोबची चकती, म्हणजे वेग तपासायची रेघांची चकती, छापून आणली. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ रेघांची चकती स्थिर दिसली की वेग मिनिटाला ७७.९२ फेरे असतो, हे तुम्हाला माहीत आहेच. पण माझ्या घरात सगळे दिवे एलईडी. चकतीवर नुसता राखाडी धूर दिसायचा. दोन संध्याकाळी यातच गेल्या. शेवटी लक्षात आलं की जुन्या एक्स्टेन्शन बोर्डवरचा लाल इंडिकेटर निऑनचा असतो, तो विजेच्या तालावर लुकलुकतो. बोर्ड प्लॅटरजवळ, म्हणजे फिरत्या थाळीजवळ, धरला, खोलीतले बाकीचे दिवे घालवले, आणि रेघा खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. पाच पैसे खर्च न होता स्ट्रोब मिळाला. ज्यांच्याकडे असा बोर्ड आहे त्यांनी तो भंगारात देऊ नका. नव्या बोर्डांत बहुतेक एलईडीच असतो, त्याचा उपयोग नाही.

म्हणजे मोटर निर्दोष. तरीही षड्ज हलतच होता.

मग मी डोळे मिटून, हलण्यावर बोटानं ठेका धरत ऐकलं. हे आधीच करायला हवं होतं. दोन गोष्टी कळल्या. एक, हे हलणं तबल्याच्या लयीशी कुठेच जुळत नव्हतं. बाई लय वाढवत नेतात तेव्हाही ते आपल्याच चालीनं, साधारण पाऊण सेकंदाला एकदा येत राहायचं. ७८च्या वेगात तबकडीचा एक फेरा ०.७७ सेकंदांचा असतो. दुसरं म्हणजे, सुरुवातीला ते जेमतेम जाणवायचं आणि शेवटाकडे दुपटीहून जास्त व्हायचं. मोटरचा दोष असता तर तो बाहेरच्या खाचेत आणि आतल्या खाचेत सारखाच आला असता. आत जाताना वाढतो तो दोष भोकाचा. भोक मधोमध नव्हतं.

टोनआर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या, टोकाशी मोजपट्टी धरली. सुई प्रत्येक फेऱ्याला १.२ मिलिमीटर आतबाहेर झुलत होती, म्हणजे भोक मध्यापासून ०.६ मिलिमीटर बाजूला. आकडा किरकोळ वाटतो. पण शेवटच्या खाचा मध्यापासून सुमारे ५० मिलिमीटरवर असतात. तिथे वेग एक टक्क्याहून थोडा जास्त वरखाली होतो, म्हणजे स्वर वीस सेंट वर आणि वीस सेंट खाली (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). बाहेरच्या कडेला हेच आठ-नऊ सेंट. ज्या गायकीचा सगळा भर ‘आ’कारावर आणि स्वराच्या लांब, अखंड धारेवर आहे, तिच्यात वीस सेंटचं आंदोलन म्हणजे दुसरीच गायिका. आणि हे आंदोलन कानाला खरं वाटतं, हे सर्वांत वाईट. खरखर आली तर ऐकणारा तबकडीला दोष देतो. स्वर हलला तर गाणाऱ्याला देतो.

आता उपाय. पहिल्यांदा सोप्या वाटेनं गेले. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये टाइम ट्रॅक, म्हणजे वेग कमीजास्त करणारी पट्टी, घेऊन हातानं उलटी लाट काढली. चाळीस सेकंद झकास, पुढे लाट आणि फेरे यांची जोडी सुटली. पुन्हा जुळवली, पुन्हा सुटली. असं हलणं आपोआप शोधून सपाट करणारे महागडे प्रोग्रॅम आहेत, त्यातल्या एकाची चाचणी आवृत्ती फोंड्याच्या मित्रानं वापरून पाहिली. हलणं गेलं, पण मला ते ऐकवेना. एका मींडेचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याचा, उतार थोडा सरळ झाल्यासारखा वाटला. कदाचित माझा भास असेल. पण तबकडीची लाट कुठे संपते आणि बाईंची मींड कुठे सुरू होते हे यंत्रानं ठरवावं, हे मला मान्य नाही. नॉइज रिडक्शनबद्दलही माझं हेच मत आहे. खरखर राहू द्या. ती घालवायला गेलात की आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो आणि ‘आ’काराच्या कडा जातात. डाव्या-उजव्या चॅनलची बेरीज करून मोनो केलं, तीन मिलची (इंचाच्या तीन हजारांशाची) सुई लावली, की निम्मी खरखर तशीच कमी होते.

भोक कानशीनं मोठं करा, असा सल्ला दोघांनी दिला. नाही करणार. माझ्या माहितीत आपल्या गटाकडे या तबकडीची हीच एक प्रत आहे, तिला मी लोखंड लावणार नाही. पण भोक मोठं करता येत नसेल तर मधली दांडी बारीक करता येते! हे मला भाजी निवडताना सुचलं. दांडी बारीक झाली की तबकडी हवी तेवढी सरकवून मध्यावर आणता येईल. माझ्या मॉडेलचा एक जादा सब-प्लॅटर, म्हणजे मधली दांडी असलेला थाळीखालचा भाग, भंगारातून आणून ठेवला होता, तो घेऊन मी थेट उद्यमनगर गाठलं.

कोल्हापूरला राहण्याचा हा फायदा आहे. लेथवाले मामा म्हणाले, “एवढंच व्हय?” दांडी सातवरून साडेपाच मिलिमीटरवर आणायला त्यांना वीस मिनिटंही लागली नाहीत. मग डायल लावून दांडी तिरकी झाली नाही ना, हे त्यांनी स्वतःहून दोनदा तपासलं. हे कशाला पाहिजे, असं विचारल्यावर मी फोनवर तीच बाजू लावली, हलणारीच. लेथ बंद करून त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. “बाई कुठल्या?” मी सांगितलं, गोव्यातल्या केरीच्या, जन्म १८९२चा, आणि त्यांचे गुरू आपल्या कोल्हापूरच्या दरबारात होते. “मग ऐकायला याय पायजे,” म्हणाले. १३ जुलैच्या श्रवणाला येणार आहेत, दोन कामगारांना घेऊन. पाच आठवड्यांत छापलेल्या सगळ्या पत्रकांनी मला तीन नवे श्रोते मिळवून दिले नाहीत. एका किरकोळ कामानं दिले.

घरी आल्यावर तबकडी ठेवली, सुई शेवटच्या खाचेत टेकवली, प्लॅटर हातानं फिरवत टोनआर्मकडे बघत राहिले. बोटाच्या टिचकीनं सरकवायची, पुन्हा फिरवायची. अर्धा तास लागला. मग आर्म स्थिर झाला. खाली पातळ फेल्ट आहे, त्यामुळे तबकडी सरकत नाही. अमेरिकेहून मागवलेला रबर मॅट यापेक्षा वाईट होता, तो घेऊ नका. आणि पुन्हा एकदा सांगते, लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावायचा नाही, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात लहान बाळाच्या शॅम्पूचे दोन थेंब, लेबल कोरडं. बाजारात एक विक्रेता ‘पॉलिश केलेला माल’ म्हणून चमकणाऱ्या तबकड्या देतो. चमक बघून घेऊ नका, खाचा तिरप्या उजेडात बघा.

वाजवल्यावर काय झालं ते कसं लिहू? षड्ज लागला आणि ठाम राहिला. तंबोऱ्याच्या ॲपवर तो स्वर मिळवला आणि तीन मिनिटं तो सुटला नाही. आधी मिळवायला गेलं की दर फेऱ्याला चुकायचा.

आता वेगाचा मूळ प्रश्न शिल्लक आहेच. ७८ लिहिलेली तबकडी ७८वरच भरली असेल याची खात्री नसते. ८०वर भरलेली ७८वर लावली तर स्वर चव्वेचाळीस सेंट खाली येतो, आणि आपल्याकडे षड्ज ज्याचा त्याचा, त्यामुळे ‘अमुक पट्टीच असणार’ असं म्हणून पकडता येत नाही. ध्वनिमुद्रणातच विजेची गुणगुण सापडली तर वेग कळेल म्हणून शोधली होती. सापडली, आनंद झाला, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की ती माझ्याच अर्थिंगची आहे. या बाजूच्या साथीत पेटी ऐकू येते, म्हणून पेटीवाल्या काकांनाच बोलावणार आहे. पेटीच्या पट्ट्यांशी कुठला वेग नीट बसतो ते त्यांच्या कानानं ठरवू.

यावरून व्हॉयेजर या अवकाशयानाची गंमत आठवली. त्यावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर बाईंची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची, हे तर सगळेच सांगतात. पण त्या तबकडीच्या कव्हरवर ती किती वेगानं फिरवायची हेही कोरलं आहे. एका फेऱ्याला ३.६ सेकंद, म्हणजे १६⅔चा वेग, आणि सेकंद कुणाला माहीत नसणार म्हणून हायड्रोजनच्या अणूतल्या बदलाच्या काळात मोजून दिलेला. सोबत सुईसुद्धा पाठवली आहे. ज्याला बाईंचं नाव माहीत नाही, भाषा माहीत नाही, त्यानंही तो स्वर योग्य उंचीवर ऐकावा म्हणून केवढी काळजी घेतली! मला आपलं काम तेच वाटतं. लोकांना ‘अवकाशात गेलेला आवाज’ एवढंच ठाऊक असतं. १९७७च्या ५ सप्टेंबरला व्हॉयेजर १ सुटलं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या, हेही पुष्कळांना सांगता येतं. पण भैरवीपलीकडे एक बाजू ऐकली का विचारा, तर गप्प होतात. एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांकडून त्यांच्या तबकड्या निघाल्या आहेत, त्या सुरात पोचवणं हा प्रचार.

लिहिता लिहिता १३ जुलैचा बेत बदलते आहे. नऊ बाजू लावणार होतो. रद्द. फक्त चार लावू, प्रत्येक दोनदा. पहिल्यांदा नुसती. मग बंदिशीचे शब्द हातात देऊन, आणि खाली खरा तंबोरा सोडून. तबकडीत तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नाही. षड्ज आता स्थिर आहे, म्हणजे माणूस शेजारी बसून तंबोरा छेडू शकेल. हे मला आत्ता, हा परिच्छेद लिहिताना सुचलं. आपल्यापैकी कुणाकडे बायकी पट्टीचा तंबोरा आहे? उत्तर द्या, वेळ कमी आहे. व्हॉयेजरवरचं माझं वीस मिनिटांचं भाषणही काढून टाकते, पाच मिनिटं पुरे.

बाकी कामं. डोंबिवलीच्या ताईंनी नेटवर चुकीच्या रागाच्या नावानं फिरणाऱ्या सहा फाइलींखाली दुरुस्ती लिहिली, त्यातल्या चार मालकांनी बदलली. शाबास! मराठी विकिपीडियावरचा लेख पुढे सरकतो आहे. तिथे ध्वनिफीत जोडायचा माझा हट्ट मात्र सोडला. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणून मला वाटलं रस्ता मोकळा आहे. पण कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फाइलींच्या भांडारात, फाइल अमेरिकेतही मुक्त असावी लागते, आणि तिथे १९२३ ते १९४६च्या ध्वनिमुद्रणांना शंभर वर्षं आहेत. तेव्हा तिथे फोटो आणि मजकूर, आवाज श्रवणात.

‘जुन्या बाजारातली’ची दुसरी बाजू आज रात्री घेणार होते. मघाशी आर्म बघितला तर तिचा मध्य वेगळाच निघाला, ०.४ मिलिमीटर आणि भलत्याच दिशेला. दोन बाजू दोन साच्यांतून दाबतात, त्यामुळे एकीचं माप दुसरीला चालत नाही. फेल्ट काढून पुन्हा टिचक्या मारायला बसते.