गाडीच्या वहीतला हिशेब

बारा वर्षे वापरलेली आमची गाडी आम्ही गेल्या महिन्यात विकली. ती घरी आली त्या दिवसापासून तिच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात मी एक वही ठेवली होती, आणि पेट्रोल भरण्यापासून वायपरचे रबर बदलण्यापर्यंत गाडीवर झालेला प्रत्येक खर्च त्या दिवशीच्या तारखेसह आणि किलोमीटरच्या आकड्यासह तिच्यात लिहीत आले होते. दोन वर्षांपूर्वी या गाडीचे इंजिन उघडायचे की ती आहे त्या अवस्थेत काढून टाकायची, असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा ओळखीच्या बहुतेकांनी एकच सल्ला दिला : दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला की गाडी विकावी. हा सल्ला मला तेव्हाही पटला नव्हता आणि आता, सगळा हिशेब पुरा झाल्यावर, तो चुकीचा आहे असे मी खात्रीने म्हणते. जुन्या गाडीला बाजारात काय भाव येतो आणि तिच्या दुरुस्तीला किती पैसे पडतात, या दोन आकड्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. पुढची दोन वर्षे हीच गाडी ठेवली तर एकूण किती खर्च येईल आणि तीच दोन वर्षे दुसरी गाडी बाळगली तर किती येईल, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडल्याशिवाय निर्णय घेता येत नाही.

त्या दुखण्याची सुरुवात कूलंटपासून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवापासून, झाली. गाडीला दहा वर्षे होत आली होती आणि १,१८,००० किलोमीटर पूर्ण झाले होते. दर पंधरा दिवसांनी कूलंटच्या टाकीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली जायची, पण गाडी उभी असे तिथे जमिनीवर थेंबभर ओल दिसत नसे. मग चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला. काटा कधी वर जातो याकडे नीट लक्ष दिले तर निम्मे निदान तिथेच होते. गाडी वाहनांच्या गर्दीत उभी असताना काटा चढत असेल आणि वेग घेतल्यावर उतरत असेल, तर बहुधा रेडिएटरच्या पंख्याचा किंवा तो चालू-बंद करणाऱ्या रिलेचा दोष असतो, कारण वेगात असताना समोरून येणारा वाराच पंख्याचे काम करतो. वेगात किंवा चढावर काटा चढत असेल, तर शंका कूलंटच्या प्रवाहावर, म्हणजे थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे कूलंटची वाट उघडणारी झडप), वॉटर पंप, तुंबलेला रेडिएटर किंवा त्याहून आतल्या कशावर तरी घ्यावी लागते. हे सगळे मला नंतर कळले. ज्या गॅरेजमध्ये मी गाडी प्रथम नेली, तिथे तापमान न मोजता, दाब न तपासता आधी थर्मोस्टॅट बदलला गेला, आणि आठ दिवसांनी काटा पुन्हा चढल्यावर रेडिएटर. दोन्ही बिले मी भरली आणि काटा होता तिथेच राहिला.

दुसऱ्या मेकॅनिकने गाडीला हात लावण्याआधी ती रात्रभर आपल्याकडे ठेवून जायला सांगितले, कारण त्याला ती सकाळी पूर्ण थंड हवी होती. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वेळेवर पोहोचले. त्याने इंजिन चालू केले आणि दोन मिनिटांच्या आत रेडिएटरकडे जाणारा वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, मला हाताने दाबून पाहायला सांगितला. होज अजून थंड होता, पण दगडासारखा टणक झाला होता. कूलंट तापून दाब वाढायला वेळ लागतो. पाणी थंड असताना होज असा ताठ होतो, याचा अर्थ सिलिंडरमधला वायू कूलंटच्या वाटेत शिरतो आहे. इंजिन बंद करून, थंड असल्यामुळे निर्धास्तपणे, त्याने रेडिएटरचे झाकण काढले, पुन्हा इंजिन चालू केले, आणि आत बारीक बुडबुडे एकामागोमाग एक येताना दिसले. मग त्याने निळे द्रावण भरलेली एक नळी रेडिएटरच्या तोंडावर धरली आणि वर लावलेला रबरी फुगा दाबत दाबत आतली वाफ त्या द्रावणातून खेचली. निळा रंग आधी हिरवट झाला आणि बघता बघता पिवळा पडला. कूलंटवरच्या हवेत ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असला की हे द्रावण रंग बदलते. हेड गॅस्केट गेले होते. या सगळ्याला जेमतेम वीस मिनिटे लागली आणि त्याचे जे पैसे त्याने घेतले, ते माझ्या वहीतल्या बारा वर्षांच्या खर्चांपैकी सर्वांत सार्थकी लागलेले आहेत असे मी मानते. तेव्हापासून कोणताही भाग बदलायची वेळ आली की मी एकच प्रश्न विचारते : हाच भाग गेला आहे, हे कशावरून ठरले?

हेड गॅस्केट ही इंजिनचा ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामध्ये बसणारी पातळ पट्टी असते. तिची स्वतःची किंमत फारशी नसते. बिल मोठे होते ते मजुरीमुळे, कारण तिच्यापर्यंत पोहोचायला इंजिनचा वरचा सगळा भाग उतरवावा लागतो. उतरवलेल्या हेडवर सरळ पट्टी ठेवून, खालून फीलर गेजची पाती सरकवून ते वाकले आहे का हे पाहावे लागते, वाकले असेल तर फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, घ्यावे लागते, आणि अनेक इंजिनांचे हेड बोल्ट आवळताना कायमचे ताणले जात असल्यामुळे तेही नवे घालावे लागतात. पण याच कामात एक जमेची बाजू होती. आमच्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा, दर ६०,००० किलोमीटरला बदलायचा होता, म्हणजे तो १,२०,००० ला बदलावाच लागणार होता, आणि हेड काढायचे तर बेल्टही काढावा लागतोच. त्यामुळे बेल्ट, तो ताणून ठेवणारा टेन्शनर आणि वॉटर पंप यांचे फक्त सुट्या भागांचे पैसे पडले. मजुरी एकदाच द्यावी लागली. बेल्टच्या बाबतीत चालढकल करू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात, तिथे चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, आणि एका बेल्टच्या जागी अख्खे हेड दुरुस्त करावे लागते.

आता मूळ हिशेबाकडे येते. त्या रात्री वही उघडून मी तीन रकाने आखले : हीच गाडी, पाच वर्षे वापरलेली दुसरी गाडी आणि नवी गाडी. प्रत्येक रकान्यात पुढच्या दोन वर्षांत गाडीची किंमत किती उतरेल, विमा आणि कर किती भरावे लागतील, देखभाल आणि दुरुस्तीला किती लागेल आणि इंधनावर किती जाईल, असे चार आकडे मांडले. आपल्या गाडीचा रकाना भरताना तिला आज, बिघडलेल्या अवस्थेत, जो भाव मिळाला असता, तीच तिची खरेदीची किंमत धरून घसरण मोजावी लागते, कारण गाडी ठेवणे म्हणजे ती त्या भावाला पुन्हा विकत घेण्यासारखेच आहे. हे मान्य करायला मन तयार होत नाही, पण तसे केल्याशिवाय तुलना खरी होत नाही.

नव्या गाडीच्या रकान्यात सर्वांत मोठा आकडा किमतीतल्या घसरणीचा निघाला. दोन वर्षांची ती घसरण आमच्या दुरुस्तीच्या बिलाच्या जवळपास तिप्पट होती. गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने उतरते आणि पुढे तो वेग मंदावतो. या खर्चाचे बिल कोणी हातात देत नाही, म्हणून तो कोणाच्या लक्षात राहत नाही, तर हेड गॅस्केटचे बिल एका दिवशी अंगावर येते म्हणून ते डोंगराएवढे वाटते. पाच वर्षे वापरलेल्या गाडीचा रकाना आमच्या गाडीच्या बराच जवळ आला होता. पण तिची मागची देखभाल आपल्याला ठाऊक नसते. बेल्ट कधी बदलला, गिअर ऑइल कधी बदलले, क्लच किती उरला आहे, याचा भरवसा नसल्यामुळे अशी गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात करावा लागणारा खर्च मी तिच्या किमतीत धरला, आणि त्याबरोबर तो रकाना खर्चात आमच्या गाडीच्या पुढे गेला.

थर्मोस्टॅट आणि रेडिएटर यांवर वाया गेलेले पैसे मी कोणत्याच रकान्यात लिहिले नाहीत. घरात मात्र तेच वाक्य पुन्हा पुन्हा निघत होते, की एवढे पैसे घातल्यावर आता गाडी काढायची तरी कशी? गेलेले पैसे गाडी ठेवली काय किंवा विकली काय, परत येणार नव्हते. रेडिएटर नवा असल्यामुळे तो पुढची काही वर्षे त्रास देणार नाही, एवढ्यापुरतीच त्याची नोंद मी घेतली.

तरीही मी दुरुस्ती केलीच असती असे नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय जमलेली आणि डिपस्टिकवरचे ऑइलही तसेच दिसले असते, तर कूलंट ऑइलमध्ये मिसळून बेअरिंगपर्यंत पोहोचल्याची शक्यता धरून मी गाडी विकली असती. गाडीच्या सांगाड्याला खोलवर गंज लागला असता, तर रकाने आखण्याचे कारणच नव्हते, कारण अपघातात माणसाला वाचवणारा भाग तोच असतो. आमच्या गाडीत यांपैकी काही नव्हते, म्हणून हेड उतरवले.

त्यानंतर ती गाडी सव्वीस महिने आणि ३१,००० किलोमीटर चालली. या काळातली वहीची पाने अगदी साधी आहेत. ऑइल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलले. बॅटरी अशक्त वाटली तेव्हा इंजिन बंद करून काही तासांनी मोजल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट आले, तेव्हा दोष बॅटरीत नसून तिच्या टोकांवर साचलेल्या पांढऱ्या थरात आहे हे कळले आणि नव्या बॅटरीचे पैसे वाचले.

यंदा मात्र क्लच घसरू लागला. वरच्या गिअरमध्ये चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचे फेरे वाढत, पण गाडी वेग घेत नसे. मी पुन्हा तेच रकाने आखले आणि या खेपेस उत्तर उलटे आले. क्लचच्या पाठोपाठ चारही टायर, पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि वर्षभरात पुन्हा टायमिंग बेल्ट अशी रांग लागणार होती, आणि घरातल्या दोघांचे कामाचे ठिकाण बदलल्यामुळे आमचे रोजचे अंतरही जवळजवळ दुप्पट झाले होते. गाडी विकायचे ठरले.

विकण्याआधी क्लच बदलावा का, यावर बराच खल झाला. मोठी दुरुस्ती करून विकली तर बिलाइतकी किंमत क्वचितच वाढून मिळते, आणि घेणाऱ्यालाही काम कुठे आणि कोणत्या भागांनी करायचे हे स्वतः ठरवता येत नाही. म्हणून आम्ही जळालेला दिवा बदलला, गाडी आतून-बाहेरून स्वच्छ केली आणि जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिले की क्लच घसरतो आहे आणि किंमत तो धरून कमी केली आहे. फोन कमी आले. पण जे आले, ते दोष ठाऊक असलेल्या माणसांचे आले, आणि दारात उभे राहून घासाघीस करण्याची वेळ आली नाही.

ज्याने गाडी घेतली, त्याने येण्याआधी फोनवर सांगितले होते की आपण पोहोचेपर्यंत इंजिन चालू करू नये. त्याच्यासोबत आलेल्या काकांनी सर्वांत आधी बॉनेटवर तळहात ठेवून ते थंड असल्याची खात्री केली. मग ते टायरपाशी उकिडवे बसले आणि बाजूवरचा चार अंकी आकडा वाचू लागले. त्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. म्हणजे २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षीच्या खाचेत बोट घालून ते म्हणाले, की अनेक देशांत कायद्याने जी १.६ मिलिमीटरची मर्यादा आहे, तिच्या हे जवळ आले आहेत. ते खरेच होते. नंतर त्यांनी विचारले, "ताई, ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?" मी वही त्यांच्या हातात दिली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रकारचे ऑइल नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ही हमी १५५ अंशांवर येते, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की हाच फरक जिवावर बेतू शकतो. बारा वर्षांत ते पाच वेळा बदलल्याच्या नोंदी त्यांनी बोट ठेवून मोजल्या. त्यानंतर किमतीची बोलणी दहा मिनिटांत संपली.

पैसे मिळाल्यावर काम संपले असे मी मानले नाही. नोंदणीत नवीन मालकाचे नाव लागेपर्यंत गाडीचा दंड किंवा त्याहून गंभीर काही झाले तर चौकशी आधी जुन्या मालकाकडे येते, म्हणून हस्तांतराची कागदपत्रे आम्ही दोघांनी मिळून जमा केली आणि तोवर विमा चालू ठेवला. गाडीच्या स्क्रीनमध्ये राहिलेले आमचे फोन नंबर आणि घराचा पत्ताही पुसून टाकला.

वहीच्या पानांचे फोटो काढून घेतल्यावर मूळ वही मी गाडी घेणाऱ्या त्या मुलाला दिली. त्या रात्री फोटोंवरून सगळी बेरीज केली. इंधन एकूण खर्चाच्या निम्म्यालाही पोहोचले नव्हते, आणि पहिल्या चार वर्षांत उतरलेली किंमत बारा वर्षांतल्या सगळ्या दुरुस्त्यांच्या बेरजेपेक्षा, हेड गॅस्केट धरूनही, जास्त भरली.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग धरून आम्ही जेवढी किंमत कमी केली होती, त्याहून बिल थोडे जास्त आले होते, कारण गिअरबॉक्स उतरवल्यावर क्लच ज्यावर दाबला जातो त्या फ्लायव्हीलवरही चरे पडलेले दिसले आणि त्याचेही फेसिंग करावे लागले. तो तक्रार करत नव्हता. वहीत ही नोंद कशी करायची, एवढेच विचारत होता. ते चरे आमच्याच काळात पडलेले होते, म्हणून वरच्या रकमेतला निम्मा वाटा मी त्याला पाठवला, आणि त्याने तो जमेच्या रकान्यात लिहून पानाचा फोटो मला पाठवला.