तीळभर सरकवलेले भोक

नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतील एका अरुंद गल्लीत गेल्या वैशाखात एक जुना वाडा पाडला जात होता. कवेलू उतरले होते, भिंती गेल्या होत्या, आणि सागवानी दाराची चौकट तेवढी, टेकायला आजूबाजूला काहीही उरलेले नसताना, भर दुपारी काटकोनात उभी होती. एक मजूर सब्बल घेऊन तिच्या कोपऱ्यात खिळा शोधत होता. खिळा तिथे नव्हताच. होती ती रंगाने किंचित वेगळी दिसणारी एक लहानशी टिकली, म्हणजे आरपार ठोकलेल्या खुंटीचे डोके.

अशी डोकी शोधण्याचा मला जुना नाद आहे. कोणाच्याही घरी गेल्यावर यजमान पाणी आणायला आत वळले, की माझा हात टेबलाच्या खालच्या कोपऱ्यावरून फिरतो. स्क्रू लागला तर मन थोडे खट्टू होते आणि खुंटी लागली तर त्या कुटुंबाविषयी माझे मत, काहीही कारण नसताना, एकदम चांगले होते.

या नादाचे मूळ आमच्या मागच्या अंगणात आहे. मावशीच्या लग्नाआधी घराची डागडुजी निघाली होती आणि कडुनिंबाच्या सावलीत एक म्हातारे मिस्त्री नवी चौकट बनवत होते. उभ्या खांबाच्या टोकाला कुसू, म्हणजे खोबणीत बसणारी तासलेली जीभ, वरच्या आडव्या लाकडात पटाशीने कोरलेली खोबण, आणि त्या खोबणीच्या दोन्ही गालांतून गिरमिटाने आरपार पाडलेले भोक, इथपर्यंत सारे सरळ होते. मग त्यांनी कुसू आत बसवले, भोकातून त्यावर खूण केली, ते पुन्हा बाहेर काढले, आणि कुसवातले भोक मात्र त्या खुणेवर न पाडता तीळभर बुडाकडे सरकवून पाडले. भोके जुळत नाहीत, हे मी मोठ्या उत्साहाने त्यांच्या लक्षात आणून दिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "सरकवलंच हाये ते," ते म्हणाले. "भोकाले भोक जुळलं त खुंटी नुसती बसते; सरकवलं त वढून घेते."

खुंटी बांबूची होती. तिचे टोक निमुळते केलेले होते आणि ती करवतीने कापलेली नसून फोडून काढलेली होती, कारण फोडल्यावर तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात आणि वाकताना खुंटी मोडत नाही. तिला वाकावे तर लागतेच. न जुळणाऱ्या भोकांतून जाताना ती किंचित नागमोडी होते, कुसू खोबणीत खेचून धरते आणि पुढे वर्षानुवर्षे तशीच ताणलेली राहते. त्या चौकटीला सरसाचा थेंबही लागला नाही.

नागपूरच्या हवेत हे फार मोलाचे आहे. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही; फुगते आणि आकसते ते रुंदीत. सांध्यात मात्र एकाचे तंतू उभे आणि दुसऱ्याचे आडवे असतात, त्यामुळे दोन्ही लाकडे सतत एकमेकांशी भांडत असतात. त्यातून आपल्याकडे मे महिन्यात दाराच्या एका अंगाला पंचेचाळीस अंशांची कोरडी झळ आणि दुसऱ्या अंगाला कुलरची ओल, आणि महिनाभरात वर पावसाळा. अशा भांडणात ताठर सरस तडकतो आणि खिळा सैल होतो. ताणलेली खुंटी थोडे सोडते, थोडे धरते.

कुसू-खोबणीची ही युक्ती कोणा एका देशाची नव्हे. जर्मनीत लाइपझिगजवळ ७,००० वर्षांहून जुन्या विहिरींच्या ओकच्या चौकटी निघाल्या, त्यांत कुसू आणि खोबणी आहेत. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन येथे १९८२ साली सापडलेल्या, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातील बुडालेल्या जहाजाच्या देवदाराच्या फळ्या याच सांध्याने जोडून वर ओकच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. इंग्लंडमधील स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाच्या बांधकाऱ्यांनी तर कहर केला: उभ्या शिळांच्या माथ्यावर दगडाचेच कुसू घडवले. दगड काही उन्हाळ्यात आकसत नाही, पण ते हात बहुधा आधी लाकडावर वळलेले असावेत.

हा प्रकार केवळ वाड्यांबरोबर संपला, असेही नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तपशिलांत दारांच्या चौकटींसाठी आजही कठीण लाकडाच्या किंवा बांबूच्या खुंट्या सांगितलेल्या आहेत, हे वाचून मला इतका आनंद झाला की मी तो परिच्छेद घरात मोठ्याने वाचून दाखवला आणि कोणीही ऐकला नाही. त्याच वाक्यात पुढे ताऱ्याच्या आकाराची धातूची पिनही चालेल, असे म्हटले आहे. त्या पिनेविषयी मला चांगले काही बोलवत नाही, तेव्हा तो विषय नकोच.