आधी बोल्ट, मग रॉड: ड्रॅग इंजिनच्या आठ रॉडचं काम

ड्रॅग, म्हणजे सरळ छोट्या अंतराच्या शर्यतीच्या इंजिनाचं हे काम. कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा, कशाने तुटतो हे आधी नक्की केलं, मगच रॉड बघायला घेतले. पॉवर स्ट्रोकला रॉडवर दाब येतो आणि दाब तो पुष्कळ सोसतो. कस लागतो तो एक्झॉस्ट स्ट्रोकच्या टीडीसीला, म्हणजे पिस्टन सर्वात वर पोचतो त्या क्षणी. वर सुटलेला पिस्टन तिथे थांबवून परत खाली ओढायचा असतो, आणि वरून रेटायला सिलिंडरात गॅसचा दाब जवळजवळ नसतोच. सगळी ओढ कॅपवर (क्रँकला धरणाऱ्या टोकाचा सुटा अर्धा भाग) आणि ती आवळणाऱ्या दोन बोल्टांवर. 350 क्युबिक इंची शेव्हरोलेट व्ही-8 चा हिशेब मांडला: स्ट्रोक 88.4 मिमी, रॉड 144.8 मिमी, पिस्टन-पिन-रिंगा आणि रॉडचा वरचा भाग मिळून 700 ग्रॅम. 8000 आरपीएमला (मिनिटाला फेरे) ओढ साधारण 2900 किलो भरते, 7000 ला 2200. ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते, म्हणून शेवटचे हजार आरपीएमच महाग पडतात.

अ‍ॅल्युमिनियमचे रॉड हलके असतात, धक्का जिरवतात, बेअरिंगलाही बरे. पण ते लवकर थकतात, त्यामुळे पास (ट्रॅकवरच्या धावा) मोजून फेकून द्यावे लागतात. शिवाय तापले की लांबतात. स्टीलला पिस्टन आणि हेडमध्ये 1 मिमी पुरतो, तिथे यांना 1.5 मिमी सोडावा लागतो. पावडर मेटलचे, कॅप फोडून वेगळी केलेले रॉड मी बाजूलाच ठेवले. त्यांच्या जोडाच्या खडबडीत तोंडांवरच कॅप जागेवर बसते, ती तोंडं ग्राइंड केली की संपलं. शेवटी 4340 स्टीलचे फोर्ज्ड एच-बीम (एच आकाराच्या छेदाचे), वापरलेले, दहा नग घेतले.

धुण्याआधी जुने बेअरिंग शेल (रॉड आणि क्रँकमधली अर्धगोल अस्तरं) पाहिले. रॉडकडचा वरचा शेल ठोकल्यासारखा दिसला तर डेटोनेशन (इंधनाचा अनियंत्रित स्फोट), कॅपकडचा खालचा घासलेला असेल तर आरपीएमचा मार. एका रॉडचा बिग एंड (क्रँककडचं मोठं टोक) निळा पडला होता. तो थेट भंगारात, कारण रंग बदलण्याइतकं तापलेलं स्टील पहिल्यासारखं राहत नाही. उरलेल्या नऊंची मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबकीय कणांनी चिरा शोधण्याची) तपासणी केली, तेव्हा एकात बोल्टचं डोकं टेकतं त्या कोपऱ्यात केसाएवढी चीर निघाली. तडे बहुतेक इथेच निघतात, नाहीतर स्मॉल एंडच्या (पिस्टनकडच्या टोकाच्या) मानेला. बाकीच्या आठांवरचे आडवे चरे लांबीच्या दिशेने पॉलिश करून काढले आणि मग शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) केलं. आडवा चरा राहिला तर तडा तिथूनच सुरू होतो.

आता बोल्ट, आणि ते होनिंगच्या, म्हणजे बोअर (बिग एंडचं भोक) घासून मापात आणण्याच्या आधी. उलटा क्रम केला तर मेहनत वाया जाते: बोल्ट बदलला की आवळ बदलते, आणि आवळ बदलली की बोअरचा आकार. एआरपी 2000 जातीचे निवडले. एल19 जातीचे जास्त ताकदीचे असतात, पण ओल लागली तर त्यांना तडे जाऊ शकतात. हाताच्या घामाचीही भीती बाळगायची असेल, तर तो बोल्ट माझ्या कामाचा नाही.

टॉर्क रेंचवर मी विसंबत नाही. लावलेल्या टॉर्कचा बहुतेक भाग आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणात जातो, बोल्ट ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. आट्यांना आणि डोक्याखाली बोल्टवाल्याचंच वंगण लावून प्रत्येक बोल्ट तीनदा आवळला-सोडला, मग स्ट्रेच गेज (बोल्टची वाढलेली लांबी मोजणारं साधन) लावून 0.14 ते 0.15 मिमी ताण येईपर्यंत आवळला. हा आकडा या बोल्टपुरता. दुसरा बोल्ट असेल तर त्याच्या कागदावरचा आकडा घ्यायचा.

कॅपच्या तोंडावरून 0.05 मिमी ग्राइंड केलं. जास्त काढायचा मोह टाळला, कारण बोअर पुन्हा गोल करताना रॉडच्या दोन भोकांच्या केंद्रांमधली लांबी कमी होते. बिग एंड होन करून 56.507 ते 56.520 मिमीच्या आत आणला. इथे घाई नडते. होनिंगने तापलेला रॉड 10 अंशांनी जरी गरम असला तरी बोअर साडेसहा मायक्रॉन मोठा दिसतो, म्हणजे निम्मी टॉलरन्स (मापातली मुभा) तिथेच गेली. रॉड रात्रभर थंड होऊ दिले आणि सकाळी बोअर गेजने तीन दिशांना मोजले. जोडरेषेवरचं (कॅप आणि रॉड मिळतात तिथलं) माप धरायचं नाही. दोन-दोन रॉड एकत्र होन केले की बोअर तिरका जात नाही.

स्मॉल एंडला नवे ब्राँझ बुश, पिनला 0.025 मिमी फट. बाक आणि पीळ तपासले, कुठेही 150 मिमीला 0.025 मिमीपेक्षा जास्त नव्हते. मग वजन: बिग एंड आणि स्मॉल एंड वेगवेगळे तोलून सगळे सर्वात हलक्या रॉडच्या बरोबरीला आणले, फरक 1 ग्रॅमच्या आत. बोल्टच्या बैठकीजवळ हात लावला नाही.

जोडणीत बेअरिंगची फट 0.06 ते 0.065 मिमी ठेवली. मोजली ती बोल्ट पूर्ण ताणून आणि जोडरेषेशी काटकोनात. एका क्रँकपिनवरच्या (क्रँकचा रॉड बसतो तो भाग) दोन रॉडची मिळून बाजूची फट 0.45 मिमी. प्रत्येक कॅपवर आणि रॉडवर नंबर आहेच. सोळा बोल्टांची मोकळी लांबीही वहीत नोंदली आहे. इंजिन उघडलं की पुन्हा मोजायची, 0.025 मिमीने लांबलेला बोल्ट परत लावायचा नाही. आणि नवा लावला की त्या रॉडचा बोअर पुन्हा मोजायचा.