मशीनच्या कागदावरचा नंबर

दुसऱ्या वर्षाला असताना स्वारगेटला बसची पाटी दिसेनाशी झाली. बस पुढ्यात येऊन थांबली की मगच नंबर कळायचा. सकाळी त्यातल्या त्यात बरं दिसायचं, संध्याकाळी अभ्यासिकेतून बाहेर पडलं की सगळं धूसर. लॅपटॉप नव्हता, त्यामुळे नोट्सच्या पीडीएफ, लेक्चर, सगळं मोबाइलवर. रात्री लाइट बंद केल्यावर कुशीवर वळून, फोन वीतभर अंतरावर धरून रील्स. झोपायला दीड वाजायचा.

चष्म्याच्या दुकानात मशीनवर हनुवटी टेकवली, कागद निघाला: दोन्ही डोळ्यांना उणे सव्वा. बाबांनी पैसे पाठवले, चष्मा केला. आठवड्याभरात कपाळ ठणकायला लागलं. वाचायला बसलं की डोळ्यांतून पाणी. शेवटी नेत्रतज्ज्ञांकडे गेले.

"दिवसाला किती तास बघतेस गं मोबाइल?" मॅडमनी विचारलं. मी चार म्हणाले. त्यांनी फोनमध्येच बघायला लावलं, नऊ तास निघाले.

मग थोड्या थोड्या वेळाने डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या झाल्या, खिडकीतलं ऊन सहन होईना, जवळचं तर काहीच दिसेना. बाबांचा मेसेज शेजारी बसलेल्या मावशींकडून वाचून घेतला. तासाभराने पुन्हा तपासलं आणि नंबर निघाला उणे पाव.

सव्वाचा पाव झाला कसा? डोळ्यातल्या भिंगाभोवती एक स्नायू असतो. जवळचं बघताना तो आवळतो, दूरचं बघताना सैल पडतो. माझा दिवसभर आवळून आवळून पेटका आल्यासारखा तसाच राहत होता. थेंबांनी तो सैल पडला, तेव्हा कुठे खरा नंबर कळला. मॅडमनी हेही स्पष्ट सांगितलं की खरा उणे नंबर व्यायामाने उतरत नाही. माझा उतरला, कारण त्यातला बराचसा खरा नव्हताच. दुकानात हे कुणी सांगितलं असतं तर, असं अजूनही वाटतं.

चुरचुरण्याचं कारण वेगळं. स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात. त्यासाठी वेगळे थेंब दिले.

दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, 20 फूट लांबचं बघायचं. अभ्यासिकेच्या खिडकीतून चिंचेचं झाड दिसतं, तेच धरलं. पहिले आठ दिवस विसरायचेच, मग अलार्म लावला. नोट्सच्या झेरॉक्स काढल्या. सगळ्यात अवघड गेली रात्र. चार्जर खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला, तरी दोनदा उठून फोन आणलाच.

सहा आठवड्यांनी थेंब घालून पुन्हा तपासणी झाली: पावच. चष्मा न लावता बसची पाटी दिसते.

गेल्या महिन्यात रूममेटला दुकानातून उणे एकचा कागद मिळाला. चष्मा करायच्या आधी तिला मॅडमकडे घेऊन गेले. परत येताना रिक्षात तिच्या आईचे मेसेज मीच वाचून दाखवत होते.