लाँग मिंडवर दोरी ओढताना

इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेलगत श्रॉपशायर परगण्यात लाँग मिंड नावाची सुमारे अकरा किलोमीटर लांबीची डोंगररांग आहे. तिची पूर्वेची बाजू लहानमोठ्या दऱ्यांनी चिरलेली आहे, पश्चिमेची बाजू मात्र एकदम तुटते, आणि वेल्सकडून येणारा वारा तिला आडवा धडकला की त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पावसाळ्यात आपल्या घाटमाथ्याच्या कड्यावर उभे राहिलेल्या कोणालाही असा वारा परिचयाचा असेल. मिडलंड ग्लायडिंग क्लबने १९३४ पासून याच माथ्यावर ठाण मांडले आहे, ते या वाऱ्याच्या भरवशावर. इंजिन नसलेल्या विमानाला हवेत टिकून राहण्यासाठी जे लागते ते येथे डोंगरच पुरवतो, मात्र वारा पश्चिमेचा असला तरच. मी ऑगस्टमध्ये तेथे पोहोचले तेव्हा वारा पूर्वेचा होता आणि ढग माथ्यावरच बसले होते.

रेल्वेने चर्च स्ट्रेटनपर्यंत येणे सोपे आहे. तेथून वर जाणारा रस्ता जेमतेम एका गाडीच्या रुंदीचा असून दरीच्या बाजूला कठडा नाही. एका टॅक्सीवाल्याने वर यायला सरळ नकार दिला. दुसऱ्याने होकार दिला, पण वाटभर त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. वर मात्र जांभळ्या फुलांनी भरलेले हेदरचे पठार आणि रस्त्यातून न हलणाऱ्या मेंढ्या पाहून त्याचाही राग निवळला.

पहिले दिवस धुक्यात गेले, त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. त्या काळात माझे वजन तेवढे झाले. पुढच्या आसनावरील वैमानिकाचे वजन ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर विमानाचा तोल मागे सरकतो, म्हणून हलक्या माणसांसाठी कॉकपिटमध्ये शिशाची वजने बसवतात. आयुष्यभर वजन कमी करण्याचे सल्ले ऐकलेल्या मला, वजन अपुरे असल्याचे एका अनोळखी गृहस्थाने गंभीर चेहऱ्याने सांगितले, हा त्या दिवसांतील एकमेव आनंद.

ढग उठल्यावर विंचवरची उड्डाणे सुरू झाली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेले शक्तिशाली इंजिन लांब केबल गुंडाळू लागते आणि ग्लायडर काही क्षणांत जमीन सोडून नाक आभाळाकडे करून चढते. पुण्याजवळ हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्येही याच पद्धतीने उड्डाणे होत आली आहेत, आणि सोलापूर रस्त्यावरून जाताना लांब पंखांची ती विमाने मी लहानपणी पाहिली होती. त्या वेळी लक्षात न आलेली गोष्ट अशी, की एक ग्लायडर हवेत जाण्यासाठी किती माणसे जमिनीवर उभी असावी लागतात. कोणी पंखाचे टोक धरते, कोणी केबल जोडते, कोणी विंचचालकाला खूण देते, कोणी वेळांची नोंद ठेवते, आणि उतरलेले ग्लायडर सुरुवातीच्या जागी आणण्यासाठी पुन्हा चार जण लागतात. वारा आधार देत नसेल तर एवढ्या खटाटोपातून मिळणारे उड्डाण दहा मिनिटांतही संपते. उरलेला दिवस इतरांसाठी राबण्यात जातो, आणि त्यातून पैसे देऊन सुटका करून घेण्याची सोय नाही.

निदान माझी समजूत तशी होती. आमच्या गटात वाढदिवसाची भेट म्हणून उड्डाण मिळालेले एक गृहस्थ होते. ते आपला क्रमांक येईपर्यंत मोटारीत काचा वर करून बसले, उडाले, उतरले, छायाचित्रे काढून घेतली आणि पुन्हा मोटारीत जाऊन बसले. क्लबच्या कोणीही त्यांना एका शब्दाने बोलले नाही. उलट चहाचा कप खिडकीतून आत दिला गेला. या सौजन्याचा मला त्यांच्या आळसापेक्षाही अधिक राग आला.

मग एका सकाळी वारा फिरला. न्याहारीच्या वेळी खिडक्या खडखडू लागल्या, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा पश्चिमेकडून ताठ भरला, आणि सारे पहिला चहा अर्धा टाकून उठले. आज बंजी होणार होती.

बंजी ही ग्लायडर उडवण्याची सर्वांत जुन्या पद्धतींपैकी एक आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमाननिर्मितीवर कडक बंधने आणली, तेव्हा तेथील तरुण वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर जमून अशाच रबरी दोरीने बिनइंजिनाची विमाने उडवत असत. आज ही पद्धत फारच थोड्या ठिकाणी उरली आहे. कड्याच्या काठाशी ग्लायडर वाऱ्याकडे तोंड करून ठेवतात. जाड लवचीक दोरीच्या मध्यावरची कडी त्याच्या नाकाखालच्या आकड्यात अडकवतात आणि दोरीचे दोन्ही हात उताराकडे फाकवून प्रत्येक हाताला काही माणसे लावतात. मागे शेपटीशी दोघे जण विमान रोखून धरतात. चालण्याचा इशारा मिळाला की दोन्ही ओळी चालू लागतात, दोरी ताणली जाते. पळण्याचा इशारा मिळाला की सगळे उतारावरून जिवाच्या आकांताने धावतात. मग शेपटी सोडली जाते आणि ग्लायडर दोन ओळींच्या मधून सुटते. चार पावलांत ते जमीन सोडते, कडी आपोआप गळून पडते, आणि क्षणापूर्वी हाताने ओढत असलेले ते धूड डोक्यावरून जवळजवळ आवाज न करता निघून जाते.

हे वाचायला रम्य आहे. प्रत्यक्षात हेदरच्या झुडपांत पाय अडकतात, वारा तोंडावर मारतो, आणि खरे कष्ट त्यानंतर सुरू होतात, कारण ती दोरी पुन्हा चढावरून वर न्यावी लागते. माझ्या पुढे निवृत्त वयाचे एक सभासद होते. त्यांनी दुपारपर्यंत प्रत्येक ग्लायडरसाठी दोरी ओढली आणि आपला क्रमांक दोनदा दुसऱ्यांना देऊन टाकला. पाहुण्यांना पश्चिमेचा वारा पुन्हा मिळेलच असे नाही, आम्ही तर येथलेच, असे त्यांचे म्हणणे. मला त्यांच्याविषयी आदर वाटला, आणि मोटारीतल्या गृहस्थांविषयीचा राग दुप्पट झाला. ते मात्र त्या दिवशी काचेआडून पाहता पाहता बाहेर आले, कोणी न बोलावता दोरीच्या टोकाला उभे राहिले, आणि पहिल्याच धावेत आडवे पडले. उठून पुन्हा दोरी धरली. नंतर चहा त्यांनीच सगळ्यांना वाटला. माझा राग असा अर्ध्यावर हिरावून घेतला गेल्याचे मला अजूनही वाईट वाटते.

माझा क्रमांक आला तेव्हा प्रशिक्षक मागच्या आसनावर होते आणि शिशाची वजने माझ्या सोबतीला. विंचसारखा हिसका बंजीला नसतो. समोरची माणसे धावताना दिसतात, ती लहान होतात, आणि पायाखालची जमीन एकदम संपते. उजवीकडे वळल्यावर ग्लायडर डोंगरधारेला समांतर उडू लागले. शांत हवेत ते सेकंदाला सुमारे पाऊण मीटर खाली येत राहते. कड्यावरून चढणारी हवा त्याहून वेगाने वर जात असेल तर ते कितीही वेळ टिकते. विमान किती वेगाने चढते वा उतरते ते दाखवणाऱ्या व्हेरिओमीटरचा काटा वर सरकला तसा डाव्या हाताला स्टायपरस्टोन्सच्या टेकडीवरचा खडकाळ माथा उघडा पडला, आणि तिच्या पलीकडे वेल्सचे डोंगर दिसू लागले. कॅनॉपीवर, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर, लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. तो सरळ मागे राहिला तर विमान तिरके जात नाही. इतक्या उपकरणांमध्ये सर्वांत विश्वासाचे हेच साधन असल्याचे प्रशिक्षकांनी सांगितले.

धारेवर गर्दी असली की नियम कडक होतात. वळायचे ते नेहमी डोंगरापासून दूर, आणि समोरासमोर आल्यास ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याचा मार्ग मोकळा ठेवायचा. उतरताना मात्र माथ्यामागे खाली वळणारी खळबळलेली हवा ओलांडावी लागते, म्हणून वेग वाढवून, एअरब्रेक, म्हणजे पंखांवरच्या अडथळ्याच्या पट्ट्या, उघडून यावे लागते. तो भाग मला मुळीच आवडला नाही, आणि मेंढ्या वेळेवर बाजूला झाल्या याचे श्रेय मी मेंढ्यांनाच देते.

शेवटच्या दिवशी वारा पडला, कापसाळ ढग आले, आणि थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात, गोल गोल फिरून माझे पोट ढवळले. बाकीच्यांनी त्या दिवसाला उत्तम म्हटले.

निघताना प्रशिक्षकांनी सांगितले की येत्या शनिवारी पुन्हा पश्चिमेचा वारा आहे आणि दोरीला माणसे कमी पडणार आहेत. उड्डाणाची पाळी मिळेल का, असे मी विचारले. तसे काही सांगता येणार नाही, असे उत्तर आले. मी बर्मिंगहॅमला पोहोचायच्या आत शनिवारच्या गाडीचे तिकीट काढले होते.